सातवा धबधबा

भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या त्या मुलीला वर्गात कोणी नावाने हाक मारत नसे. सगळे तिला मोजपट्टी म्हणत. तिला काहीही दिसलं की मोजल्याशिवाय चैन पडत नसे. कॉलेजच्या पायऱ्या चौऱ्याऐंशी. घरातून निघताना आईच्या एका दमातल्या सूचना नऊ.

दरवर्षी शेवटच्या वर्षाची मुलं बोटीने एका बेटावर जात. चार दिवस जंगल आणि धबधबे बघायचे आणि त्याचं जर्नल लिहायचं. लिहायची रीत ठरलेली होती. मागच्या वर्षीचं जर्नल बोटीतच उतरवून काढायचं आणि बेटावर पाय ठेवला की पोहायला मोकळं व्हायचं. एका वर्षी कुणाच्या तरी नकाशावर शाईचा डाग पडला होता. पुढच्या वर्षापासून तिथे तळं आलं. मूळ नकाशा भूगोलाच्या सरांनी तिशीच्या आत असताना काढलेला. त्यात धबधबे होते सात.

मोजपट्टीने मात्र बोटीत एक अक्षर लिहिलं नाही. पहिल्याच सकाळी वनरक्षक काकांना गाठून ती वर चढली. जंगल असं दाट की ऊनसुद्धा परवानगी घेऊन आत येत असावं. झाडांची मुळं भिंतीसारखी उभी, नेचे माणसापेक्षा उंच, आणि जळवा इतक्या प्रेमळ की मोज्याच्या आतून भेटायला येत. प्रत्येक धबधब्यापाशी ती थांबली, उंचीचा अंदाज घेतला, काठावरच्या झाडाला एक लाल फीत बांधली. सहा फिती संपल्या आणि वाटही संपली.

खाली विश्रामगृहाच्या ओसरीत सर कोमट पाण्यात पाय सोडून बसले होते. गुडघ्यांमुळे त्यांनी वर जाणं कधीच सोडलं होतं.

"किती झाले?"

"सहा, सर."

"सातवा राहिला."

"राहिला नाही. तो नाहीच आहे."

"एकोणतीस वर्षं मुलांना दिसतोय आणि तुलाच दिसत नाही? डोळे तपासून घे!"

दुसऱ्या दिवशी ती काकांना घेऊन पलीकडच्या काठाने चढली. अर्ध्या वाटेवर खरंच एक धबधबा लागला. दुधी पाणी, पायथ्याशी काळा सपाट खडक. जर्नलमधल्या सातव्याचं हुबेहूब वर्णन. मग पाण्यापलीकडे, समोरच्या झाडावर, तिला काल बांधलेली स्वतःचीच लाल फीत फडफडताना दिसली. हा तर चौथा! सर तेव्हा एका काठाने चढले असणार, दुसऱ्याने उतरले असणार आणि एकच धबधबा दोनदा मोजून घरी गेले असणार.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

"जन्मापासून सहाच आहेत की."

"मग बोलला का नाहीत?"

"विचारलं कुणी? मुलं सात लिहून आणतात. म्हटलं, एखादा तुमच्या कॉलेजात असेल."

तिने खाली येऊन सगळं सांगितलं, तेव्हा सरांचे कान लाल झाले.

"जर्नलमध्ये सात लिही."

"सहाच लिहीन."

"नापास होशील."

"होईन."

मैत्रिणीने तिला बाजूला ओढलं. "अगं, एका धबधब्यापायी वर्ष घालवतेस? तुझ्या बापाचा आहे का तो?"

"नाही ना. म्हणून तर वाढवता येत नाही."

सर शब्दाला पक्के निघाले. तिच्या जर्नलवर लाल शाईचं शून्य आलं, आणि वर्ष गेलं. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भांडी आपटत म्हणाली, "सात म्हटलं असतंस तर जीभ झडली असती?"

"मोजले सहा, आई."

संध्याकाळी शेजारच्या काकूंनी निकाल विचारला, तेव्हा मात्र आईचा आवाज चढला. "नापास झाली. पण मोजून झाली, बाकीच्यांसारखं उतरवून पास नाही झाली!"

पुढच्या वर्षी मोजपट्टी धाकट्या बॅचबरोबर पुन्हा बोटीत. यंदा सरांच्या हातात काठी होती. बेटावर उतरल्यावर विश्रामगृहाकडे न वळता ते काकांच्या मागून पलीकडच्या काठाने निघाले. दर पन्नास पावलांवर बसत, गुडघ्यांना शिव्या देत ते त्या काळ्या खडकापर्यंत पोहोचले. मोजपट्टी मागेच होती; हात द्यायला पुढे झाली नाही.

सर खडकावर टेकले.

"धुकं होतं त्या दिवशी," ते म्हणाले. "मला वाटलं, नवाच सापडला. फार आनंद झाला होता गं."

तिने पाण्यापलीकडच्या झाडावरची विटलेली फीत बोटाने दाखवली.

"बरं. सहा लिही. यंदा पास करतो तुला."

"मागच्या वर्षीही सहाच होते, सर."

"अगं, पास करतोय ना?"

"यंदाचं नको. मागच्या वर्षीचं करा."

"निकाल लागलेला असा बदलता येतो का? विद्यापीठाला काय सांगू?"

"मोजायला चुकलो, असं सांगा."

काका घाईघाईने झाडाची साल न्याहाळू लागले. मोजपट्टीने पिशवीतून जुनं जर्नल काढलं, शून्याचं पान उघडून सरांच्या मांडीवर ठेवलं आणि टोपण काढलेलं पेन त्यांच्यापुढे धरून ती उभी राहिली.