साठ लिटरचं पातेलं आणि वेप्पम्पूचं सार

पुणे स्टेशनवर हमालाने आधी पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "आचारी का?" मी नाही म्हणालो. खरं कारण सांगत बसलो असतो तर गाडी सुटली असती. साठ लिटरचं स्टीलचं पातेलं, त्यात दोन जोडी कपडे, एक थर्मामीटर आणि डोक्यात राग, एवढं सामान घेऊन मी चेन्नईला भांडायला निघालो होतो.

गेली काही वर्षं मी घरी बिअर करतो. दहा लिटरच्या पातेल्यात ती छान जमते. माझा मित्र सतीश याने ती चाखून चाखून एक दिवस नोकरीच सोडली आणि स्वतःच्या बिअरची छोटी जागा काढायचं ठरवलं. मोठ्या प्रमाणात जमतंय का हे पाहायला आम्ही अंबत्तूरच्या एका कारागिराकडून हे पातेलं करून मागवलं. त्यातले दोन्ही घाणे कडू निघाले. कडू म्हणजे अगदी कोयनेल. बिअरमध्ये हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालतात. ती सुरुवातीला घालून तासभर उकळली की कडूपणा येतो, आणि आच बंद केल्यावर घातली की वास येतो. मी सगळं नेहमीसारखंच केलं होतं, तेव्हा दोष पातेल्याचा, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. सतीशचे भागीदार तर म्हणाले होते, तिसरा घाणा बिघडला की आम्ही बाहेर. मी कारागिराला झणझणीत पत्र लिहिलं. उत्तर एका ओळीचं आलं, तेही मराठीत: 'भांडें घेऊन या.'

चेन्नई सेंट्रलला उतरलो तेव्हा सकाळीच अंगाला घाम चिकटला होता. अंबत्तूरच्या लोकलमध्ये गजरा माळलेल्या एका बाईंनी पातेल्यावर बोटाने टकटक करून पाहिलं. "कल्याण समयला?" (लग्नाचा स्वयंपाक का?) असं त्यांनी विचारलं. शेजारच्याने हिंदीत अर्थ सांगितला. कंटाळून मी "आमा" (हो) म्हणालो. लगेच पातेल्याला जागा झाली, मलाही बसायला मिळालं, आणि उतरताना दोघांनी ते खाली काढून दिलं. खोटं बोलून एवढं प्रेम मी आधी कधी मिळवलं नव्हतं.

औद्योगिक वसाहतीतल्या एका गल्लीत, लेथच्या खडखडाटात, त्या कारागिराची, गोपाळरावांची, शेड सापडली. साठीचा माणूस, कपाळाला गंध, हातात वेल्डिंगचा चष्मा. घराणं तंजावरकडचं, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच वाढलेलं, त्यामुळे मराठी जुनी आणि बोलण्याची चाल तमिळ. मी भांडणाला सुरुवात करणार तोच ते म्हणाले, "बसा की. आधीं पाणी प्या."

कोपऱ्यात माझ्या पातेल्याचंच एक भावंड उभं होतं, तळ जोडलेला, कडा घासायच्या राहिलेल्या. ते असं अर्धवट का, मी सहज विचारलं.

"तुमचें पत्र आलें तेव्हांपासून तसेंच आहे," ते म्हणाले. "माझें भांडें कडू असेल, तर दुसरें कसें करूं?"

मी ओशाळलो, पण मागे हटलो नाही. त्यांनी माझं पातेलं घासलं, शेगडीवर ठेवलं आणि पाण्याने भरलं. तासभर खळखळू दिलं. आच बंद करून वरचं पेलाभर पाणी काढलं, गार केलं, अर्धं स्वतः प्यायले आणि उरलेलं माझ्यापुढे धरलं. पाणी पाण्यासारखं होतं. मी दोनदा प्यायलो.

"जेवायला चला," ते म्हणाले. "अक्का थांबली असेल."

अक्का त्यांची थोरली बहीण. शेडच्या मागेच घर. त्यांनी केळीच्या पानावर भात वाढला आणि वर वेप्पम्पूचं (कडुलिंबाच्या फुलांचं) सार. पाडव्याला एक पान चावताना तोंड वाकडं करणारा मी. पण घास घेतला आणि थबकलो. तुपात परतलेल्या फुलांचा दरवळ सगळ्या तोंडात पसरला, आणि कडूपणा अगदी शेवटी, जिभेच्या मागे, हळूच.

"हे एवढं कमी कडू कसं?" मी विचारलं.

"फुलें मागून घालतें."

"मीही मागूनच घालतो. आच बंद केल्यावर."

अक्का हसल्या. "आच बंद केली म्हणून भांडें थांबतें होय? अमचें कांशाचें भांडें जाड आहे. खाली उतरवलें तरी आंत शिजतच असतें. नवी सून होतें तेव्हां त्यांतच फुलें घातलीं, सासऱ्यांनी पान सारलें. आतां सार दुसऱ्या भांड्यांत ओततें, जरा निवूं देतें, मग घालतें."

मी घास तसाच पानावर ठेवला आणि खरकट्या हाताने शेडमध्ये धावलो. आच बंद करून पाऊण तास उलटून गेला होता. थर्मामीटर बुडवला. नव्वद. माझं घरचं पातेलं तेवढ्यात कोमट होतं. गोपाळरावांनी तळ जाड ठेवला होता, काम चोख केलं होतं. पुण्यातही एवढी बिअर इतका वेळ धगधगत राहिली होती, आणि वासासाठी घातलेली माझी फुलं तीत मुकाट्याने कडूपणा सोडत होती.

मी परत येऊन पानावर बसलो आणि गोपाळरावांची माफी मागितली. जड गेलं नाही, उलट फार बरं वाटलं. ते फक्त म्हणाले, "बिअर जमली कीं कळवा. मग तें दुसरें पुरें करतों."

रात्रीच्या मुक्कामाला तिरुवल्लिकेणीतल्या एका मॅन्शनमध्ये (एकट्या पुरुषांच्या खोल्यांची इमारत) उतरलो. संध्याकाळी मरीनावर गेलो, वाळूत बसून सुंडल (उसळीसारखे परतलेले चणे) खाल्ले. भांडायला आलेल्या माणसाला पोटभर जेवायला घालणाऱ्या त्या दोघांची आठवण येऊन डोळे भरले. दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत कुणी आचारी म्हटलं तर मी आनंदाने हो म्हणत होतो.

पुण्यात तिसरा घाणा लावला. आच बंद केली. सतीश हॉप्सचं पाकीट घेऊन शेजारी उभा. "टाक ना आता." मी नाही म्हणालो. थंड पाण्याची नळी आत सोडली आणि पारा ऐंशीच्या बराच खाली येईपर्यंत त्याला हात लावू दिला नाही. मग फुलं पडली.

महिन्याभराने भागीदार आले. पहिला घोट घेतला, दुसरा घेतला. मग एकाने रिकामा ग्लास पुढे केला आणि सतीश खुर्चीत मटकन बसला.

मी गॅलरीत जाऊन अंबत्तूरला फोन लावला. कोणत्याही प्रवासातून मी इतकं घेऊन आलो नव्हतो. एवढंच म्हणालो, "गोपाळराव, जमली."

"बरें झालें," ते म्हणाले. मग फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. तो बंद करायचं ते विसरले असावेत. मी कानाला लावून उभा राहिलो. जरा वेळाने पलीकडे कडा घासायचा ग्राइंडर सुरू झाला.