जाऊबाईंचा मुकुट

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही. मिळेल ती साडी, उरेल ती भाकरी. म्हणून गेल्या वर्षी हनुमान जयंतीच्या नाटकासाठी आम्हा बायकांची बैठक बसली आणि त्या एकदम म्हणाल्या, "रावण मी करनार," तेव्हा मी तोंडाला लावलेला चहाचा कप खालीच ठेवला.

गावात रावण पुरुषच करतात. आमच्या आळीतले एक भावजी वर्षानुवर्षं करतात आणि मंडळाचे अध्यक्षही तेच. त्यांचा मुकुट सारखा घसरतो, म्हणून आमच्या गावचा रावण एका हातानेच लढतो; दुसरा हात मुकुटाला. त्यांनी बायकांच्या नाटकाला अर्धा तास दिला, तोही मेहेरबानी केल्यासारखा. वर मिशीत हसून म्हणाले, "हसं झालं तर पुढच्या वर्षीपासून आपलं हळदीकुंकूच बरं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाऊबाई एवढंच म्हणाल्या, "पयला मुकुट करू."

पांढऱ्या कांद्याचे दिवस होते. त्या रोज सकाळी डोक्यावर फडक्याची चुंबळ ठेवून, तिच्यावर कांद्याच्या माळांची पाटी घेऊन बाजाराला जात. रिक्षा दारात येते, तरी चालतच. मी किती वेळा चिडले असेन! "आता कोण डोक्यावर ओझं नेतं? लोक काय म्हणतील?" मी अलिबागला ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते ना, मला लाज वाटायची. खरं सांगायचं तर त्यांचीच वाटायची.

मुकुटाचं माप घ्यायचं काम मी अंगावर घेतलं. त्या बाजारातून आल्या, पाटी उतरवून ओटीवर टेकल्या, तेवढ्यात मी टेप घेऊन पदरावरूनच माप घेतलं आणि वहीत लिहिलं. शिकलेली बाई मी, दोनदा मोजलं.

पुढचं सगळं त्यांचं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, तांदळाच्या पिठाची शिजवलेली खळ आणि घरात साठलेल्या लग्नपत्रिका. पत्रिकेचा पुठ्ठा चांगला जाड असतो. त्यातून त्यांनी नऊ मुंडकी कापली. पुढून लाल डोळे, पिळदार मिशा, मागून मात्र एका राक्षसाच्या कवटीवर "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!" तसंच राहिलं. पाच मुंडकी डावीकडे, चार उजवीकडे, मधे त्यांचं स्वतःचं. मी म्हटलं, हे एका अंगाला कलणार. त्या हसल्या आणि चारांच्या बाजूला आतून एक गंजकं कुलूप शिवून टाकलं. पाटीत माल कमी-जास्त झाला की त्या असाच तोल साधत. बोटावर उचलून दाखवला तर मुकुट जराही कलला नाही. काय हात होता त्या बाईचा! रंग मात्र शेवटच्या दिवसापर्यंत ओला, त्यामुळे घालून कुणीच पाहिला नाही.

आणि तिथेच आमची फजिती झाली. पडद्यामागे मिशी चिकटवून, तलवार खोचून जाऊबाई उभ्या, मी मुकुट डोक्यावर ठेवला, तर तो सर्रकन नाकापर्यंत आला. कागदाचे बोळे कोंबले, पडले. नाडी बांधली, ती तुटली. बाहेर घंटा झाली. पहिल्या रांगेत भावजी पाय पसरून बसलेले मला फटीतून दिसत होते. मला रडूच फुटलं. जाऊबाईंनी जन्मात एक गोष्ट मागितली आणि मी तिची माती केली.

"रडतेस काय गो?" मुकुटाच्या आतून आवाज आला. "माप घेतलंस तवा माज्या डोक्यावर काय व्हतं?"

मी आठवत राहिले. पाटी उतरवली होती. चुंबळ... अगं बाई! पदराखाली चुंबळ तशीच होती. ती त्यांच्या डोक्यावर इतकी रोजची की त्यांना जाणवली नाही, आणि मला दिसली नाही.

त्यांनी माझी ओढणी ओढली, पीळ देऊन गोल गुंडाळली, डोक्यावर बसवली आणि वर मुकुट ठेवला. नाडीबिडी काही नाही. तशाच बाहेर गेल्या.

एका हाताने मिशीला पीळ, दुसऱ्या हातात तलवार. रावण पहिल्यांदाच दोन्ही हातांनी मोकळा आला. ताठ मानेने अख्खं स्टेज फिरला, गर्रकन वळला आणि असा गडगडाटी हसला की पुढची पोरं आयांच्या कुशीत शिरली. मुकुट सुताएवढाही हलला नाही. मी पडद्यामागे वेड्यासारख्या टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाई पाटी भरत होत्या. भावजी अंगणात आले, इकडचं तिकडचं बोलले, मग हळूच म्हणाले, "वहिनी, तो मुकुट आमाला मिळंल काय? घसरत न्हाय म्हनून इचारतो."

"न्या की," जाऊबाई म्हणाल्या. "मुकुट न्या. मान न्हाय देता येनार. ती कांदे वाहून झालीय."

भावजींनी पायाच्या अंगठ्याने माती उकरली. मग म्हणाले, "तर मग पुढच्या वर्षीबी रावण तुमीच करा."

जाऊबाईंनी मान डोलावली नाही, डोक्यावर चुंबळ होती. मी पुढे झाले आणि पहिल्यांदाच त्यांच्या पाटीला हात लावून ती वर चढवली.