जावेकडच्या बाटल्या

मुरुमच्या उमाबाईंना हल्ली बाटल्या भंगारवाल्याकडून विकत घ्याव्या लागतात. तो पोत्यानं आणून टाकतो. हिरव्या, तपकिरी, पांढऱ्या, सगळ्या सरमिसळ. उमाबाई त्या सोड्याच्या पाण्यात भिजवतात, लेबलं खरवडतात, उन्हात पालथ्या घालतात. मग फेविकॉलात खडूची पूड कालवून मेंदीच्या कोनात भरतात आणि काचेवर ज्वारीची कणसं उमटवतात. हात अजून कापत नाही. कणसातला दाणा न् दाणा वेगळा दिसतो. पण चार वर्षांपूर्वीच्या त्यांच्या बाटल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, ते म्हणतात, ते काम वेगळं होतं. उमाबाईंनाही ते कळतं.

तेव्हा बाटल्या शिवलीला आणायची.

शिवलीला ही उमाबाईंची धाकटी जाऊ, त्याच गल्लीत चार घरं सोडून राहणारी. तिचा नवरा शिवानंद एका पतसंस्थेत कारकून. सकाळी कपाळभर विभूती लावून लिंगपूजा करणारा, गल्लीतून मान खाली घालून चालणारा, आणि दिवेलागणीला आतल्या खोलीची कडी लावून बाटली उघडणारा. लिंगायताच्या घरात ही गोष्ट ओठाबाहेर काढायची नसते. त्यात शिवप्रियाला, त्यांच्या थोरल्या मुलीला, स्थळं बघायला सुरुवात झालेली. घंटागाडीत बाटली टाकावी तर खणकन आवाज होतो, शेजारणी माना वळवतात. मग शिवलीला बाटल्या पिठाच्या डब्यात घालून गिरणीला निघाल्यासारखी निघायची आणि मोठ्या जावेच्या परसात डबा उपडा करायची.

"फोडून पुरून टाका अक्का," पहिल्या दिवशी ती म्हणाली होती.

उमाबाईंनी फोडायच्या आधी एक बाटली सहज धुतली. हिरव्या काचेतून धुण्याच्या दगडावर ऊन असं काही सांडलं, की त्या हातातलं काम टाकून बघत राहिल्या. रांगोळीत त्यांचा हात गल्लीत सगळ्यांत बरा. त्यांनी मेंदीचा एक रिकामा कोन शोधून काढला.

पुढं तो दोघींचा रिवाजच झाला. पुरुष कामाला गेले की दुपारी परसातल्या ओट्यावर बसायचं. शिवलीला बाटलीच्या आकारावरून तारीख सांगायची.

"ही उंच हाय न्हवं, ही पगाराची. आन ह्या चपट्या वीस तारखंच्या पुढच्या. कॅलेंडर कशाला लागतंय वो आमच्या घरात!"

"गप गं, हसवू नको. रेघ वाकडी जाती."

"हिच्यावर चिमण्या काढा अक्का, लई चिमण्या. परवा ही संपली तवा घरात कुणी चिमणीएवढंबी बोललं न्हाय."

उमाबाई चिमण्या काढायच्या. एखाद्या बाटलीला शिवलीला म्हणायची, हिच्यावर काही काढूच नका, नुसती सुतळी गुंडाळा, पार गळ्यापर्यंत. उमाबाई गळ्यापर्यंत सुतळी गुंडाळायच्या. का, ते विचारायच्या नाहीत.

बचत गटाच्या बायकांनी त्या बाटल्या बघितल्या आणि उमरग्याच्या प्रदर्शनात उमाबाईंना एक टेबल मिळालं. चाळीस बाटल्या, प्रत्येकीच्या पोटात बारका दिवा. सोबतीला शिवलीला. तालुक्याच्या मॅडम येऊन थबकल्या, चिमण्यांची बाटली उचलून त्यांनी उजेडाकडं धरली.

"इतक्या बाटल्या मिळवता तरी कुठून?"

भंगारातून, असं उत्तर ठरलेलं होतं. शिवलीलेनं ते दोनदा पढवून आणलं होतं. पण शेजारच्या टेबलावर पापड मांडून बसलेल्या म्हाळसाबाईंना राहवलं नाही.

"कुठनं म्हंजे? मालक रिकाम्या करत असतील की! काय वो उमाबाई, दुकान बंद झाल्यावर बसतात व्हय?"

सगळ्या हसल्या. मॅडमही हसल्या. उमाबाईंचे मालक शरणप्पा, किराणा दुकानदार. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी तंबाखूला बोट लावलेलं नव्हतं. उमाबाई ताडकन बोलून गेल्या.

"आमच्या घरातल्या न्हायत त्या! आमच्यात कुणी शिवत न्हाय असल्याला. माझ्या धाकट्या जावंकडनं येतात."

हसणं तिथंच थांबलं. म्हाळसाबाई पापडाच्या पुड्या सरळ करायला लागल्या. शिवलीला टेबलामागं वाकून दिव्यांच्या वायरी जोडत होती. ती उठली नाही. शेवटचा दिवा लागेपर्यंत वाकूनच राहिली.

त्या दिवसानंतर बाटल्या आल्या नाहीत. शिवप्रियाला बघून गेलेले अक्कलकोटचे पाहुणे कळवतो म्हणाले होते, त्यांनी कळवलं नाही. कारण तेच होतं की आणखी काही, कुणास ठाऊक. उमाबाईंना ते विचारायची सोय उरली नव्हती.

पंधरवडा गेल्यावर त्या जावेच्या घरी गेल्या. नेहमीसारख्या थेट चुलीपाशी निघाल्या, तर शिवलीलेनं पुढच्या खोलीत खुर्ची सरकवली. ट्रेमधून पाणी आणलं. नव्या कपबशीतून चहा दिला.

"चुकलं गं माझं," उमाबाई म्हणाल्या. "तोंडातनं गेलं. ह्यांच्यावर आळ आला आन मला काय सुचंना."

"व्हय म्हणायचं होतं अक्का." शिवलीलेच्या आवाजात राग नव्हता. "मालकच घेतात, असं म्हणायचं. मोठ्या भावजींचं नाव घेतलं असतं तर एकीनंबी खरं धरलं नसतं. हसून सोडून दिलं असतं. त्यांच्या नावाला ते सोसलं असतं. आमच्या न्हाय सोसत."

उमाबाईंनी कपबशी ट्रेमध्ये ठेवली. हे त्यांना सुचलंच नव्हतं. इतकं सोपं होतं.

त्या उठल्या तशी शिवलीला आत जाऊन कुंकवाचा करंडा घेऊन आली. चोवीस वर्षांत एकमेकींच्या घरून निघताना दोघींनी कधी कुंकू लावून घेतलं नव्हतं. दिवसातून चारदा येणाऱ्या बाईला कोण लावत बसतं? शिवलीलेनं बोटाच्या टोकानं नीट, गोल कुंकू लावलं. नाकावर सांडलेली कणी पदरानं टिपली.

"येत जा की अक्का सवडीनं," ती म्हणाली, पाहुण्याबाईला म्हणतात तसं, आणि उमाबाई पायऱ्या उतरेपर्यंत दारात उभी राहिली.