जिनिंगच्या सर्व्हरवर २००३ साल

तिसऱ्यांदा इन्स्टॉलेशन फेल झालं तेव्हा मी माउस टेबलावर आपटला. बाहेर फाटकापासून रस्त्यापर्यंत कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, उभ्या होत्या आणि वजनकाटा बंद होता.

राळेगावजवळची ही जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. कापसाचे वाईट दिवस होते; भाव पडलेले, शेतात लाल्या रोग. काट्यावरची वजनं सर्व्हरवर जात, तिथून पावती निघे आणि नागपूरच्या ऑफिसला इंटरनेटवर आकडे दिसत. त्याच इंटरनेटवरून एक व्हायरस शिरून सर्व्हर दर दहा मिनिटांनी रीस्टार्ट करत होता. साफ केला की पुन्हा हजर. म्हणून ऑफिसने मला नागपूरहून फायरवॉल बसवायला पाठवलं. फायरवॉल म्हणजे नेटवर्कच्या दारातला चौकीदार.

सर्व्हर माझ्या नोकरीपेक्षा जुना. आधी म्हणाला, रॅम कमी. यवतमाळहून एसटीने मागवली. मग म्हणाला, डिस्कवर जागा नाही. जागा केली. आता म्हणत होता, लायसन्स अजून सुरूच झालेलं नाही. कालच घेतलेलं लायसन्स!

नागपूरला साहेबांना फोन केला.

"सीडी खराब असेल. दुसरी कुरिअरने पाठवतो."

"तोवर हाताने पावत्या लिहू?"

"अजिबात नाही."

दारात वंदनाताई येऊन उभ्या राहिल्या. रांगेत त्यांची बंडी पहाटेपासून होती. "साहेब, बैल दुसऱ्याचे हायेत. सांजच्याले वापस करा लागते. आज काटा होते का नाही, तेवढं सांगा."

स्वतःचीच चीड आली. रागारागाने लॉग फाइल उघडली, म्हणजे सर्व्हरने काय काय केलं याची नोंद. प्रत्येक ओळीवर साल २००३. बाहेर २००६ चालू होतं.

"रहीमभाई, ही तारीख कसली?"

रहीमभाई काट्याचे ऑपरेटर. सकाळपासून माझ्या मागे शांत बसून होते.

"तिले हात नोका लावू, साहेब. काट्याच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स २००३ लेच संपलं. बनवणाऱ्याचं दुकानच बंद पडलं. दरसाल मी तारीख मांगं करतो. पावतीवर आजचा शिक्का मारतो."

"मग सकाळी सांगितलं का नाही?"

"तुम्ही इचारलंच कुठी?"

डोक्याला हात लावला. तारीख पुढे केली तर काटा बंद, मागे ठेवली तर फायरवॉल बसत नाही.

शेवटी गोदामातला जुना पीसी काढला. काट्याच्या सॉफ्टवेअरची मूळ सीडी रहीमभाईंनी रुमालात गुंडाळून जपली होती. ती टाकली, २००३ साल दिलं, काट्याची वायर जोडली. इंटरनेटची वायर जोडलीच नाही. मग सर्व्हरला खरी तारीख दिली. फायरवॉल पाच मिनिटांत बसला.

वंदनाताई दिवस मावळायच्या आत पावती घेऊन निघाल्या. मागे वळूनही पाहिलं नाही. बैल पोचवायचे होते.

साहेबांचा फोन आला. "फायरवॉल बसला ना? मग वजनं का दिसत नाहीत?"

"रहीमभाई दर तासाला फोनवर सांगतील."

पुढे दोन हंगाम त्या फायरवॉलने सर्व्हरची चोख राखण केली. आत राखण्यासारखं काही उरलं नव्हतं, एवढंच. आता मी कुठेही गेलो की रॅम आणि डिस्क नंतर बघतो. आधी मशीनसमोर बसणाऱ्या माणसाला विचारतो, कशाला हात लावायचा नाही?