एका पुरणपोळीवर आटोपलेलं जेवण

आमच्या घरून पाहुणा उपाशी जाण्याचा प्रकार एकदाच घडला, आणि तो घरात हॉटेल मॅनेजमेंटची पदवी आल्यावर घडला.

पदवी आमच्या पल्लवीची. निकाल लागून बरेच महिने झाले, नोकरीचा पत्ता नव्हता. शेवटी माझ्या मेहुण्याच्या ओळखीतले शिंदेसाहेब, नांदेडच्या एका हॉटेलाचे मॅनेजर, फोनवर म्हणाले, "कागदं काय बघायची? हिंगोलीहून परत येताना कळमनुरीला तुमच्याकडं जेवतो. पोरगी वाढते कशी, बोलते कशी, ते बघतो."

बायकोनं पुरण शिजवलं. मी उपदेश शिजवला. "हसत राहा. घाबरू नको. सगळी नोकरी आज तुझ्या वाढण्यात हाय." (मी आजवर कुणाला पाण्याचा तांब्याही सरळ दिलेला नाही. उपदेशाला त्याची अडचण येत नाही.)

साहेब जेवायला बसले. सोबतीला मीही बसलो. पहिली पुरणपोळी संपली. पल्लवी हसत पुढं आली.

"सर, आणखी एक पोळी?"

"नको, नको. बास."

"ठीक आहे, सर," म्हणाली आणि पोळ्यांचं ताट घेऊन आत गेली!

आता, आपल्याकडं पहिलं 'नको' हा नुसता नमस्कार असतो. दुसऱ्याला आग्रहाची वाट बघतात. तिसऱ्याला माणूस ताटावर आडवा हात धरतो आणि त्या हाताखालून पोळी पडतेच. साहेबांनी अजून हातही उचलला नव्हता. ते स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत राहिले.

"अगं, साहेबांना वाढ की," मी ओरडलो.

"नको म्हणाले ना, बाबा. पाहुण्याचा शब्द शेवटचा. पहिल्याच वर्षी शिकवलंय." मग तेच हसू माझ्याकडं वळलं. "तुम्हाला?"

पाहुण्याआधी यजमानानं हो कसं म्हणावं? "नको," मी म्हणालो. माझीही पोळी गेली.

आतून बायकोचा आवाज आला, "काहून परत आणून राहिली गं?" मग भात आला. साहेब सवयीनं "नको, राहू द्या" म्हणाले. भात राहिला. आत. साहेबांनी हात धुतले, बडीशेप मात्र मूठभर घेतली आणि निघाले.

"एका पोळीवर गेला माणूस," बायको म्हणाली. "आता कशाची नोकरी न् कशाचं काय. जा, हा डबा घेऊन गाठा त्यांना."

मी मोटारसायकल काढली. वारंगा फाट्यावर खिचडीच्या हॉटेलासमोर त्यांची गाडी दिसली. आत साहेब खिचडीची दुसरी प्लेट संपवत होते.

"साहेब, लेकराचं चुकलं..."

"कशाचं चुकलं? बसा आधी. माझ्याकडची पोरं नको म्हणलं तरी गिऱ्हाइकाच्या ताटात ओतून राहिलेत. एकदा सांगितलेलं ऐकणारं माणूस मिळत न्हाई. मी मुद्दाम कपाळाला आठ्या घालून बघितल्या, तिचं हसू हललं न्हाई. सोमवारी पाठवून द्या." मग डबा स्वतःकडं ओढत म्हणाले, "मीच नको म्हणायला नको होतं. सवय हो आपली."

माझा जीव भांड्यात पडला. पोटात मात्र ती एकुलती एक पोळी होती, आणि समोर खिचडी वाफाळत होती.

"तुमच्यासाठी सांगू एक प्लेट?" साहेबांनी विचारलं.

"नको, नको," मी म्हणालो.

"ठीक आहे," साहेब म्हणाले, आणि त्यांनी डबा उघडला.