बिऱ्हाड कोण राखतं

थोरल्या पारूचं लग्न सोनुबाईने चारचौघांसारखंच केलं होतं. पाहुणे आले, पोहे खाऊन गेले. मग सोनुबाईने जाऊन मुलाचं घर पाहिलं, सारवलेलं अंगण पाहिलं, सासूचं गोड बोलणं ऐकलं. लग्नानंतरच्या पहिल्याच साजगावच्या यात्रेत तिला पारूच्या सासरचं बिऱ्हाड दिसलं. सासू, नणंदा, दीर सगळे पाळण्यात बसायला गेले होते आणि पारू एकटी चुलीपाशी कुत्री हाकत बसली होती. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. सोनुबाई लोधिवलीला परतली ती मनाशी नियम करूनच. यापुढे मुलगी द्यायची ती मुलाकडच्यांच्या शेजारी यात्रेत मुक्काम करून.

कार्तिकातल्या या यात्रेला खालापुरातली, कर्जतकडची माणसं वर्षाचे बोंबील, सुकट घ्यायला येत आणि तीन-तीन दिवस राहत. पाळण्यांना लागूनच कापणी झालेली शेतं होती. तिथे बैल सोडायचे, गाडीवर चवाळं टाकून आडोसा करायचा, तीन धोंड्यांची चूल मांडायची. पाळणेवाल्याचा कर्णा इतका जवळ की मीठ मागायलासुद्धा ओरडावं लागे.

"घरात मानूस घटकाभर चांगलं वागतं," सोनुबाई म्हणायची. "उघड्यावर तीन दिस नाय वागता येत."

बाकी काही ती बघत नसे. यात्रा बघायला सगळे गेले की बिऱ्हाड कोण राखतं, एवढंच बघायची. मधली मुलगी तिने अशीच पारखून दिली होती आणि ती सुखात होती.

अडुसष्ट साली धाकट्या शकूची वेळ आली. मुलगा कर्जतजवळचा, गजा नावाचा. त्याची आई गौराबाई विधवा होती, आवाजाने मोठी, हाताने सढळ. दोन्ही गाड्या शेजारी सुटल्या. पहिल्या संध्याकाळी गौराबाईने आपल्या थोरल्या सुनेला, चिंधीला, पोरांबरोबर पाळण्याकडे पिटाळलं आणि स्वतः चुलीशी बसली. दुसऱ्या दिवशी गजाला बसवलं. त्याने भाकरी करपवली आणि चिंधीने परत आल्यावर त्याची सगळ्यांदेखत थट्टा केली. गौराबाई हसत होती. सोनुबाईला आणखी काही बघायचं नव्हतं.

तिसऱ्या सकाळी ती शेजारच्या चुलीपाशी जाऊन बसली.

"मंग, आमची शकू कशी वाटली?"

गौराबाई बोंबील मोडत होती. "पोर देखनी हाय. पन मला नाय जमायचं, बाय."

"का गं?"

"तुमच्या सुनंनं यात्रा बगितली का?"

"जनाने? तिला पाळन्याची भीती वाटते."

"ती म्हनली तसं?"

सोनुबाईने चुलीतलं लाकूड आत सारलं.

"दोन दिस बगतेय मी," गौराबाई म्हणाली. "ती चूल सोडून उठली नाय. तुमची शकू दोन डाव पाळन्यात बसून आली, वयनीच्या हातची भाकरी खाल्ली, नि ताट तितंच टाकून परत गेली. माज्या घरात चिंधी हाय. तिला असली जाव मी नाय आननार."

सोनुबाई आपल्या गाडीशी आली आणि उगाच भांडी आदळू लागली. तिचा नवरा चांगो चाकाला टेकून विडी ओढत होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"खोटं बोलली का ती?" त्याने विचारलं.

"तुमी गप ऱ्हावा."

जना खाली मान घालून वाल सोलत होती. या घरात येऊन तिला पाच वर्षं झाली होती. म्हणजे पाच यात्रा.

"तुला पाळन्याची भीती वाटते ना गं?" सोनुबाईने विचारलं.

"काय म्हायत, आत्या. बसलेय कुटं."

सोनुबाईने तिच्या हातातली वालांची टोपली काढून घेतली. "जा. शकू, वयनीला घेऊन जा."

जना उठेचना. वालाला पाणी किती, पिवळं कुत्रं कुठून येतं, बैलाला कधी सोडायचं, हे सांगत राहिली. शेवटी सोनुबाई खेकसली, "मी काय काल सासरी आलेय का?" तेव्हा कुठे ती गेली.

पाळण्याच्या दुसऱ्याच फेऱ्यात जनाला ओकारी आली. पण मग तिने मौत का कुवा लागोपाठ तीनदा पाहिला आणि परत आल्यावर तासभर तो मोटरसायकलवाला भिंतीवरून कसा फिरतो तेच सांगत बसली. पाच वर्षांत ती इतकं बोलली नव्हती. वाल तळाला लागले होते, त्याबद्दल मात्र ती एक अक्षर बोलली नाही.

संध्याकाळी सोनुबाई पुन्हा गौराबाईकडे गेली.

"आज सुनेला धाडलं म्हनून तुमी हो म्हनाल, तर मीच पोरगी देनार नाय," ती म्हणाली. "एक दिस कुनीपन चांगलं वागतं. पुडल्या यात्रेला बगा. तवर गजाला दुसरी बगितलीत तर माजं काय म्हननं नाय."

"बगू," एवढंच गौराबाई म्हणाली.

ते वर्ष शकूला जड गेलं. जेवल्यावर ताट उचलायचं, एक दिवसाआड जातं ओढायचं, आणि जना माहेरी गेली की सगळंच करायचं. "त्या बाईसाठी मला मोलकरीन केलीस," ती आईवर फणकारायची. सोनुबाई म्हणायची, "तिच्यासाठी नाय गं. आदीच कराया होवं होतं." बोलताना ती मुलीकडे बघत नसे. दोन स्थळं आली, ती तिने परत पाठवली. चैत्रात कुणीतरी सांगितलं की गौराबाई नेरळला मुलगी बघून आली. त्या दिवशी सोनुबाई जेवली नाही.

पुढच्या यात्रेत तिने आपल्या शेजारी एका गाडीची जागा राखली. तिथे गाडी घालायला आलेल्या दोघांशी भांडली. पहिला दिवस गेला, दुसऱ्या दिवशीची दुपार गेली. "येनार नाय ती," चांगो म्हणाला. शकूने घरून आणलेल्या नव्या बांगड्या काढून ठेवल्या. जना मौत का कुव्याकडे गेली होती. शकू पीठ मळायला बसली.

उन्हं उतरल्यावर गौराबाईची गाडी आली.

"भाताची झोडनी उरली होती," खाली उतरत ती म्हणाली. तिने सोनुबाईकडे पाहिलं, पिठात हात घातलेल्या शकूकडे पाहिलं, मग इकडे तिकडे पाहिलं. "सून कुटं हाय?"

"मोटरसायकल बगायला गेली. दोन दिसांत सा डाव झालं. आता तूच तिला आवर."

गौराबाई पाण्याचा तांब्या तोंडाला लावून उभी राहिली. चिंधीने सामान उतरवलं, गजाने बैल बांधले. तेवढ्यात जना आली, वाटेतूनच शकूला म्हणाली, "वन्सं, पीठ सैल झालंय तुमचं," आणि शकू म्हणाली, "मंग तुमी मळा, मी बसते मोटरसायकलीवर."

गौराबाईने तांब्या खाली ठेवला.

"शकू, आमच्या बिऱ्हाडाकडंबी नजर ठेव गं," ती म्हणाली. "मी नि चिंधी जरा बोंबलांचा भाव बगून येतो."

सोनुबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अजून सुपारी फुटली नाय, नि माज्या पोरीला राखनीला बसवलीस?"

"घटकाभर बसव. मंग मी येते नि तिला गजाबरोबर पाळन्यात धाडते," गौराबाई म्हणाली आणि सुनेचा हात धरून मासळीबाजाराच्या गर्दीत शिरली.