मापाचं झंपर

जिंतूरच्या एसटीत बसून मी एकाच गावाला दुसऱ्यांदा निघाले होते... तेही एका शब्दापायी. शब्द होता झंपर. आता सगळ्या ब्लाउज म्हणतात, आमच्या परभणीकडे तेव्हा झंपरच म्हणायच्या.

ही मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आधीची गोष्ट. दंगलीला काही वर्षं होऊन गेली होती, तरी गावागावांत माणसं जपूनच बोलायची. मी नुकतीच बी.ए. झालेली. सरकारी योजनांचा लोकांना काय उपयोग झाला, ते तपासायच्या सर्व्हेत मला हंगामी काम मिळालं होतं. खांद्याला पिशवी, पिशवीत फॉर्म आणि डोक्यात भलताच रुबाब.

योजना शिवणकामाची. बौद्धवाड्यातल्या बायकांना तालुक्याला शिकवायचं आणि घरी एक मशीन द्यायचं. बाईच्या हाताला काम मिळालं का आणि ती गावात मिसळली का, हे आम्ही विचारायचं... "मिसळली का" यासाठी फॉर्ममध्ये एकच प्रश्न होता. इतर समाजाच्या बायका लाभार्थीच्या घरी कपडे शिवायला येतात काय? होय किंवा नाही.

त्या गावच्या गयाबाईंना मशीन मिळून तीन वर्षं झाली होती. पहिल्या खेपेला त्यांनी सरळ सांगितलं होतं, "बायका कशाला येत्यात ताई? झंपरं येत्यात."

म्हणजे असं, की शेतकरी घरांतल्या बायका आपलं एक जुनं, अंगाला नीट बसणारं झंपर मापाला म्हणून गड्याच्या हाती पाठवायच्या. सोबत नवं कापड. गयाबाई जुन्यावरून नवं बेतायच्या आणि दोन्ही झंपरं गडीच परत न्यायचा. काम भरपूर होतं, दुसऱ्याच्या रानात रोजानं जाणं सुटलं होतं... पण अंगाला टेप लावायचा म्हणजे हात लागणार, आणि तो लागू नये म्हणून ही सगळी सोय. मला राग आला होता. गयाबाईंना त्याचं नवलही वाटत नव्हतं.

मी होय आणि नाहीच्या मधोमध लिहून टाकलं, 'झंपरं येतात'. साहेबांनी फॉर्म परत केला. "झंपरं असा पर्याय कुठं छापलाय का?" म्हणाले. वर हेही बजावलं, की 'नाही' आलं तर योजनेचा परिणाम नाही असं धरून हे गाव दुसऱ्या तुकडीतून वगळणार. आणि खाडाखोडीवर लाभार्थीची सही पाहिजेच.

दुसऱ्या तुकडीच्या यादीत गयाबाईंची धाकटी बहीण होती, कौशल्या. नवऱ्यानं टाकलेली, बहिणीच्या आसऱ्याला राहून उन्हातान्हात लोकांच्या रानात राबणारी. तिचं सगळं आता माझ्या एका शब्दावर... माझा रुबाब पार उतरला. एसटीतच ठरवून टाकलं की 'होय' लिहायचं आणि सही घेऊन यायचं. कोण बघायला बसलंय?

गयाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी पायडलवरचे पाय थांबवले.

"खोटं नका लिहू ताई," म्हणाल्या. "उद्या कुणी तपासायला आलं तर म्या कुणाला दाखवू? सही माझी हाय."

कौशल्या दारात उभी राहून ऐकत होती. तेच मला जास्त लागलं.

शेवटी मी 'नाही' लिहून फॉर्म पुढे केला. गयाबाई शिवणकाम शिकता शिकताच सही करायला शिकल्या होत्या. एकेक अक्षर जपून काढायच्या. 'गया' एवढं काढून झालं, तेवढ्यात दाराशी कुणीतरी खाकरलं.

गावातल्या एका बड्या शेतकऱ्याची धाकटी सून. काखेत पोर, पदर कपाळाखाली ओढलेला. बरोबर गडी नव्हता. तिनं पिशवीतून जुनं झंपर काढलं आणि खाली बघत म्हणाली, "ह्ये आता बसंना झालंय. बाळंतपणापासून एकबी झंपर बसंना. भावाचं लगीन आलंय... माप घ्यावं लागतंय बघा."

मग कौशल्यानं पुढं होऊन पोर घेतलं आणि गयाबाईंनी गळ्यातला टेप काढला. खांदा, दंड, पाठ... त्या आकडे सांगत गेल्या. गावातल्या कुणाचं माप कधी लिहायची वेळच आली नव्हती, त्यामुळे घरात वहीही नव्हती. मी पटकन तो फॉर्म उलटा केला आणि त्याच्या पाठीवर आकडे उतरवून घेतले.

चहा टाकू का, असं गयाबाईंनी विचारलं. "आत्ताच घिऊन आले," म्हणाली ती. बरं झालं, तो प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता.

ती गेली तशा गयाबाईंनी फॉर्म सरळ केला आणि माझ्यासमोर ठेवला. "ताई, आता खोडा त्ये 'नाही'. म्या सही पुरी करते."

मला हुंदका आला आणि हसूही आलं. इतकं हलकं हलकं मला परीक्षेच्या निकालाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

साहेबांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. हे आकडे कसले, विचारलं. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि फॉर्म फायलीत लावला. कौशल्या दुसऱ्या तुकडीत जिंतूरला शिकायला गेली.

पुढे अहवाल निघाला. योजनेमुळे गावातले समाज जवळ आले, असं त्यात लिहिलं होतं... खोटं नव्हतं ते. मी मात्र मनातल्या मनात त्या सुनेच्या आईचे आभार मानले, जिनं बाळंतिणीला हात आखडता न घेता डिंकाचे लाडू खाऊ घातले होते.